वजनाची शस्त्रक्रिया : वजनकाट्यापासून वाटीपर्यंत

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेला डॉक्टर बॅरिअॅट्रिक सर्जरी म्हणतात. ती करायची का, हे विचारायला आपण गेलात की पहिल्यांदा एक आकडा काढला जातो. तो म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. उंची १६० सेंटीमीटर, म्हणजे १.६ मीटर, तिचा वर्ग २.५६. वजन ९६ किलो असेल, तर बीएमआय आला ३७.५.

हा आकडा आपल्या लोकांच्या बाबतीत थोडा फसवा आहे, आणि ते दाखवून देणारं काम आपल्याच पुण्यातल्या रास्ता पेठेत झालं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच फोटो शेजारीशेजारी छापले. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडसडीत भारतीय माणसाच्या पोटात चरबी साठलेली असू शकते आणि मधुमेहही लवकर गाठतो, ते असं.

म्हणून भारतीयांसाठी शस्त्रक्रियेची पातळी खाली ठेवतात. आपल्याकडे बरीच वर्षं चालत आलेला निकष असा : बीएमआय ३७.५ च्या वर, किंवा मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं असा एखादा आजार सोबत असेल तर ३२.५ च्या वर. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी हे निकष आणखी सैल केले. १६० सेंटीमीटर उंचीच्या माणसाला ३२.५ म्हणजे साधारण ८३ किलो.

आता गोम इथे आहे. डॉक्टरांचा आकडा वेगळा आणि विम्याचा वेगळा. विमा नियामकाच्या नियमांनुसार मेडिक्लेममध्ये ही शस्त्रक्रिया बसते ती बीएमआय ४० असेल तर. किंवा ३५ असून हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असेल आणि आधीचे साधे उपाय फसले असतील तर. त्याच १६० सेंटीमीटरच्या माणसाला ३५ म्हणजे जवळजवळ ९० किलो आणि ४० म्हणजे १०२. डॉक्टर म्हणतात, करून घ्या. विमा कंपनी म्हणते, बसत नाही. दोघंही आपापल्या कागदाप्रमाणे बरोबर असतात आणि मध्ये सापडतो पेशंट.

तेव्हा तारीख घेण्याआधी कागद जमवा. ‘आधीचे उपाय फसले’ हे तोंडी चालत नाही. आहारतज्ज्ञांच्या पावत्या, फॅमिली डॉक्टरांच्या नोंदी, जुन्या तारखांची वजनं, सगळं फाइलला लावा. पॉलिसीत या आजारांसाठी किती वर्षं थांबावं लागतं ते पाहा. कॅशलेसची मंजुरी लेखी घ्या. रुग्णालयाच्या पॅकेजमध्ये स्टेपलरची किती कार्ट्रिज धरली आहेत तेही विचारा. पोट शिवणाऱ्या यंत्राच्या या पिना महाग असतात, आणि माझ्या शस्त्रक्रियेच्या बिलात वाढ झाली ती त्यांचीच.

ठरवताना आणखी एक प्रश्न आता हमखास येतो : इंजेक्शनं घेऊ का? मौंजारो मार्च २०२५ मध्ये आणि वेगोव्ही जून २०२५ मध्ये भारतात आलं. ही औषधं भूक कमी करतात आणि वजनही चांगलं उतरवतात. बंद केली की बहुतेकांचं पुष्कळसं वजन परत येतं. शस्त्रक्रियेचा परिणाम जास्त मोठा आणि टिकाऊ, पण काढून टाकलेलं जठर परत जोडता येत नाही. वजन थोडंच जास्त असेल तर आधी औषध करून पाहण्यात मला तरी कमीपणा वाटत नाही.

शस्त्रक्रियेचे मुख्य प्रकार दोन. ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. भुकेचा संदेश देणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून भूकही मंदावते. ‘बायपास’मध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती आतड्याला पुढे नेऊन जोडतात, अन्न आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून जातं.

निवड शेजारणीने काय केलं यावरून करू नये. आपल्याला छातीत जळजळ, आंबट ढेकर असा त्रास असेल तर स्लीव्हनंतर तो वाढू शकतो. म्हणून आधी एंडोस्कोपी करतात, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून जठर पाहतात. जुना, हट्टी मधुमेह असेल तर बायपासकडे कल असतो. पण बायपासनंतर जीवनसत्त्वांची कमतरता जास्त होते आणि काही वेदनाशामक गोळ्या कायमच्या बंद होतात, कारण त्यांनी जोडाच्या जागी व्रण पडतो.

घरच्यांना सांगायचं की नाही, हा पुण्यात वैद्यकीय प्रश्नाइतकाच मोठा प्रश्न! ‘खाणं आवरत नाही म्हणून पोट कापलं’ हे ऐकायची तयारी नसते. पण यात लाजण्यासारखं काही नाही : नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा ते भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. गल्लीभर सांगू नका हवं तर. पण घरात जो स्वयंपाक करतो त्याला आहारतज्ज्ञांसमोर आपल्याशेजारी बसवा.

मग तपासण्या : रक्त, सोनोग्राफी, हृदय, फुप्फुसं. घोरणं असेल तर झोपेचीही तपासणी होते. त्यात दोष निघाला तर रात्री हवेचा दाब देणारं सीपॅप हे यंत्र काही दिवस आधीपासून लावायला सांगतात, म्हणजे भूल सुरक्षित होते. तंबाखू, सिगारेट कित्येक आठवडे आधी बंद. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं तर रागावू नका. रात्री उठून खाण्याची सवय किंवा दारू यांबद्दल तिथे खरं बोललेलं पुढे उपयोगी पडतं.

शेवटचे दोनेक आठवडे प्रथिनं जास्त आणि पिष्ट, साखर, तूप अगदी कमी असा आहार देतात. हे वजन उतरवण्यासाठी नसून यकृतासाठी असतं. यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो. तो चरबीने फुगलेला असेल तर सर्जनना खालचं जठर नीट दिसत नाही. नेमक्या याच दिवसांत ‘आता पुन्हा कधी खायला मिळणार’ म्हणून मिसळ, मस्तानी, मटणाचे निरोपसमारंभ होतात. त्यामुळे शस्त्रक्रिया अवघड होते, कधी पुढेही ढकलावी लागते.

शस्त्रक्रिया दुर्बिणीने होते : पोटावर चार-पाच लहान छिद्रं, आत वायू भरून जागा केलेली. शुद्धीवर आल्यावर पोटापेक्षा खांदा दुखला तर दचकू नका. उरलेला वायू छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला टोचतो आणि दुखणं खांद्यात उमटतं. त्याच संध्याकाळी उठवून चालवतात. पायांत घट्ट मोजे, पोटात रक्त पातळ करणारं इंजेक्शन. पायांत गुठळी होऊ नये म्हणून हे सगळं, तेव्हा कंटाळा करू नका.

घरी आल्यावर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. शिवणीतून गळती होणं हे विरळ पण गंभीर. नाडी मिनिटाला १२० च्या वर राहणं, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, धाप, यांपैकी काहीही झालं तर ‘गॅस असेल’ म्हणून ओवा खात बसू नका. रात्री दोन वाजताही सर्जनना फोन करा.

मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोस पहिल्या दिवसापासून बदलतो. जुन्या चिठ्ठीप्रमाणे घेत राहिलात तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

आता खाणं. पहिले काही दिवस फक्त पाण्यासारखे पदार्थ : शहाळ्याचं पाणी, पातळ ताक, डाळीचं गाळलेलं पाणी. औषधाच्या बाटलीच्या टोपणाने, घोट घोट. तेवढं पोटात गेलं की छातीमागे भरून आल्यासारखं वाटतं आणि पुढचा घोट नकोसा होतो. पाणी दिवसाला दीड लिटर जायला हवं, आणि या वेगाने ते दिवसभराचं काम होतं. पुढे दाट द्रव, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ खिचडी, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं जेवण. प्रत्येक रुग्णालयाचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं. आपलं पाळा, मैत्रिणीचं नको.

नेहमीचं जेवण सुरू झालं की खरी परीक्षा. लहान वाटी, लहान चमचा. पोट भरल्याची खूण आता पूर्वीसारखी नसते : नाक वाहायला लागतं, एखादी उचकी किंवा शिंक येते, खोल उसासा निघतो. ती खूण म्हणजे थांबा. वाटीत चमचाभर वरण उरलं असेल तरी थांबा. ‘टाकू नये’ म्हणून घेतलेला तो एक चमचा पुढची वीस मिनिटं छातीत अडकून बसतो आणि उलटीने बाहेर पडतो. सासूबाईंच्या आग्रहालाही हेच उत्तर. पानात वाढून घेतल्यावर नाही म्हणणं जड जातं, म्हणून आधीच कमी वाढून घ्या.

जेवताना पाणी नाही, आणि जेवल्यावर अर्धा तास नाही. ताटातला क्रम उलटा करा : आधी प्रथिनं, मग भाजी, पोळी शेवटी, जागा उरली तर. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं हवीत. शिजलेल्या वरणाच्या वाटीत ती सहा-सात ग्रॅम असतात, एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. शाकाहारी घरात हे गणित नुसत्या वरणावर जमत नाही. सुरुवातीला तरी प्रथिनांची पावडर लागतेच. उपवासाचंही तेच. साबुदाणा खिचडीत प्रथिनं जवळजवळ नाहीत, आणि चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार असे सगळे धरले तर महिन्याचे बरेच दिवस कोरडे जातात. पहिलं वर्ष उपवासांना सुट्टी द्या.

वजन पुन्हा वाढतं ते बहुधा दोन वर्षांनी, आणि भाकरीने क्वचितच. भाकरी, डाळ, उसळ चार घासांत पोट भरतात. आइस्क्रीम, श्रीखंड, चहात बुडवलेली बिस्किटं, टीव्हीसमोरची शेव मात्र अलगद खाली उतरतात आणि जठराला कळतही नाही. अमृततुल्यवरचे दिवसाचे चार गोड चहा याच यादीत. बायपासवाल्यांना गोडानंतर घाम, धडधड, जुलाब असा त्रास होऊ शकतो. स्लीव्हवाल्यांना ही चपराक फारशी बसत नाही, म्हणून त्यांनी जास्त जपावं.

गोळ्या आयुष्यभर. बी १२, ड, लोह, कॅल्शियम. पुणे आणि परिसरात शस्त्रक्रिया न झालेल्या लोकांमध्येही बी १२ ची कमतरता सर्रास आढळते, हेही याज्ञिकांच्याच गटाने मोजून दाखवलं आहे. तिथून आणखी खाली घसरायला वेळ लागत नाही. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर ठेवा, आणि लोहाची गोळी चहाबरोबर नको. उलट्या दोन-तीन दिवस थांबत नसतील तर ताबडतोब दाखवा, कारण बी १ कमी पडून मेंदूला इजा होऊ शकते.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस पुंजक्यांनी गळतात. शरीराला बसलेल्या धक्क्याने असं होतं आणि बहुतेकांचे परत येतात. त्याच सुमारास काट्यावरचा आकडा दोन-तीन आठवडे हलत नाही. तेव्हा काटा कपाटात ठेवा आणि ब्लाउजची शिवण पाहा. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात, म्हणून काही महिने एक गोळी देतात. ती मध्येच सोडू नका. तरुण मुलींनी आणखी एक ध्यानात ठेवावं : वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. पहिले १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगतात, तेव्हा साधनाची चर्चा शस्त्रक्रियेआधीच करून घ्या.

रक्ताच्या तपासण्या पहिल्या वर्षी काही महिन्यांच्या अंतराने आणि मग दरवर्षी. वजन उतरून आपल्याला छान वाटायला लागतं, त्याच सुमारास लोक जायचं बंद करतात. डिस्चार्जच्या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि घरातल्या एकाला पाठवून ठेवा. परगावी पोटात दुखलं तर तिथल्या डॉक्टरांना स्लीव्ह की बायपास, हे आधी कळायला हवं, आणि दाताच्या डॉक्टरांनी वेदनाशामक गोळी लिहिण्यापूर्वीही.