जुन्या मोटारीतील ‘हीटर कोअर’ : गळती वेळीच ओळखणे आवश्यक

म्हैसूर : म्हैसूरच्या सौम्य हवामानात मोटारीतील हीटरची आठवण क्वचितच होते. मात्र कुक्करहळ्ळी तलावालगतच्या सरस्वतीपुरममधून उटीकडे निघालेली जुनी मोटार सुमारे 770 मीटर उंचीवरून 2,240 मीटरवर पोहोचते. निलगिरीच्या धुक्यात, विशेषतः वातानुकूलन नसलेल्या मोटारीत, समोरच्या काचेवरील बाष्प दूर करण्याचे काम हीटरच करतो. म्हणूनच त्यातील ‘हीटर कोअर’ सुस्थितीत असणे हा सुरक्षिततेचाही प्रश्न ठरतो.

हीटर कोअर म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसवलेला छोटा रेडिएटर होय. इंजिनातील गरम कूलंट त्याच्या बारीक नळ्यांतून फिरते आणि पंख्याची हवा त्यावरून जाऊन उबदार होते. कूलंट वर्षानुवर्षे न बदलल्यास त्यातील गंजरोधक घटक क्षीण होतात. केवळ नळाचे जड पाणी भरल्यास नळ्यांत क्षार साचतात. परिणामी नळ्या तुंबतात किंवा गळू लागतात.

काचेच्या आतील बाजूस तेलकट थर, मोटारीत गोडसर वास, डाव्या आसनापुढील ओला गालिचा आणि कूलंटची सतत घट ही गळतीची प्रमुख लक्षणे आहेत. गळतीमुळे शीतकरण यंत्रणेत दाब टिकत नाही. उटीच्या उंचीवर उघड्या भांड्यातील पाणी सुमारे 92 ते 93 अंश सेल्सिअसलाच उकळते. दाब नसलेल्या यंत्रणेत घाट चढताना इंजिन अतितप्त होऊन सिलिंडर हेडचे गॅस्केट निकामी होण्याचा धोका असतो.

अनेकदा दोन्ही होज परस्परांना जोडून हीटर वगळला जातो. त्याने गळती थांबते, पण काच स्वच्छ ठेवण्याची सोय नाहीशी होते. गळती बुजवणारी रसायनेही तात्पुरतीच असून ती बारीक नळ्या तुंबवू शकतात.

बदलाचे काम इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच करावे. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवून कूलंट काढून घ्यावे. चिकटलेले होज पिळून न ओढता लांबीच्या दिशेने कापावेत. अन्यथा कोअरच्या पातळ नळ्या वाकतात किंवा तुटतात. तांबे-पितळेचा जुना कोअर शाबूत असल्यास त्याचे सांधे नव्याने डाख देऊन मजबूत करता येतात. ॲल्युमिनियमचा कोअर मात्र बदलणेच योग्य. कोअर बसवण्यापूर्वी तो पाण्यात बुडवून कमी दाबाच्या हवेने तपासावा. त्याभोवती फोमची पट्टी लावल्यास कंपनांचा आघात कमी होतो आणि हवाही बाजूने निसटत नाही. होज व क्लॅम्प नवेच वापरावेत.

शेवटी हीटरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून कूलंट आणि शुद्ध केलेले पाणी उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात, सामान्यतः निम्मे-निम्मे, भरावे आणि यंत्रणेतील हवा काढून टाकावी. रेडिएटरचे झाकण योग्य दाब धरते की नाही, हेही तपासावे. झाकण सदोष असल्यास दाब वाढून नवा कोअरही फुटू शकतो.

कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल विषारी असून कुत्री-मांजरे ते चाटू शकतात. त्यामुळे जुने कूलंट गटारात किंवा उघड्यावर न ओतता बंद डब्यात साठवून योग्य विल्हेवाटीसाठी द्यावे.