पाल्याचे नॅनो, म्हणून निरुपद्रवी?

“पाल्यापासून बनवलेले नॅनोकण आहेत, अपाय कसला?” विज्ञान प्रदर्शनातल्या पोस्टरांपासून बाटल्यांच्या लेबलांपर्यंत हा दावा हमखास दिसतो.

प्रयोगशाळेत प्रत्यक्षात होते काय? कडुनिंबाची पाने उकळून काढा गाळतात. त्यात झिंक नायट्रेट विरघळवून मिश्रण दाट होईपर्यंत आटवतात आणि तो लगदा मुशीत भरून साधारण 400 अंश सेल्सिअसच्या भट्टीत ठेवतात. नायट्रोजन डायऑक्साइडचा तांबूस, नाकात झोंबणारा धूर निघतो. उरते ती पांढरट भुकटी, म्हणजे झिंक ऑक्साइड. यातले जस्त पानातले नव्हे, बरणीतल्या क्षारातले. पानातली पॉलिफेनॉल जस्ताच्या आयनांना धरून ठेवतात, कण एकमेकांना चिकटून मोठे होऊ देत नाहीत. हे काम खरे आणि उपयोगाचे. पण ते झाले की त्यांतली बहुतेक भट्टीतच जळून जातात. मग “कडुनिंबाचे गुण” भुकटीत उतरतात कुठून?

आता अपायाविषयी. 2007 मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ‘एन्व्हायर्न्मेंटल सायन्स अँड टेक्नॉलॉजी’मध्ये गोड्या पाण्यातल्या शेवाळावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. झिंक ऑक्साइडचे नॅनोकण, त्याचीच जाड भुकटी आणि झिंक क्लोराइड, तिन्हींचा विषारीपणा जवळपास सारखाच निघाला. मारक ठरले ते पाण्यात विरघळलेले जस्त. शेवाळ जस्ताची कुळकथा विचारत नाही! आणि जिवाणू मारतात म्हणून ज्यांची जाहिरात होते, ते कण मातीतले उपयोगी जिवाणू तेवढे ओळखून सोडतील, हे कशाच्या जोरावर मानायचे?

“हरित पद्धत म्हणजे रसायनमुक्त” हेही चूक. झिंक नायट्रेटसाठी नायट्रिक आम्ल लागतेच. “घरच्या पाल्याने कारखाना चालेल” म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की पानातली रसायने ऋतू आणि मातीप्रमाणे बदलतात, त्यामुळे दर खेपेला कण सारखे निघत नाहीत. “उन्हात भुकटी टाकली की रंगाचे सांडपाणी स्वच्छ” हा तर फारच आवडता दावा. झिंक ऑक्साइडला अतिनील किरण लागतात आणि उन्हात ते जेमतेम 5 टक्के. शिवाय चाचणी बहुधा स्वच्छ पाण्यातल्या मिथिलीन ब्लू या रंगावर होते. इचलकरंजीच्या कापड-प्रोसेसिंगच्या सांडपाण्यात क्षारही असतात, साबणही.

उपयोग मात्र खोटे नाहीत. सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइडचे नॅनोकण 25 टक्क्यांपर्यंत वापरायला युरोपीय संघाची मुभा आहे, श्वासावाटे फुप्फुसात जातील अशा फवाऱ्यांत नाही. त्या नियमात शुद्धता, कणांचा आकार, विद्राव्यता यांच्या अटी आहेत. झाडाच्या नावाची नाही.

‘हर्बल नॅनो’ची बाटली हातात घ्याल, तेव्हा कणांचा आकार आणि मात्रा छापली आहे का, ते पाहा. नसेल, तर ठेवा परत फळीवर.