वऱ्हाडातील महिला जलतरण : कांचनमाला पांडे यांच्या विश्वविजेतेपदाच्या संदर्भात

प्रस्तावना :
डिसेंबर २०१७ मध्ये मेक्सिको सिटी येथे जागतिक पॅरा जलतरण अजिंक्यपद स्पर्धा पार पडली. या स्पर्धेत मूळच्या अमरावतीच्या व नागपूर येथे रिझर्व्ह बँकेत सेवेत असलेल्या कांचनमाला पांडे यांनी एस-११ गटातील २०० मीटर वैयक्तिक मिश्र शैलीचे सुवर्णपदक प्राप्त केले. या स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. एस-११ हा पूर्ण अंध अथवा जवळजवळ पूर्ण अंध जलतरणपटूंचा गट आहे. समुद्र नसलेल्या, बारमाही नदीचीही उणीव असलेल्या वऱ्हाडातील स्त्रीने हे यश कोणत्या परिस्थितीत मिळविले, आणि त्यातून महाविद्यालयीन क्रीडाव्यवस्थेने काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१) भौगोलिक व सामाजिक पार्श्वभूमी :
भारतीय महिला जलतरणाचा प्रारंभीचा इतिहास प्रामुख्याने किनाऱ्यावरील महानगरांचा व बंगालचा आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये पोहलेल्या डॉली नाझिर मुंबईच्या, तर आरती साहा कोलकात्याच्या होत्या. आरती साहा यांनीच पुढे १९५९ मध्ये इंग्लिश खाडी पोहून पार केली व असे करणाऱ्या त्या पहिल्या आशियाई महिला ठरल्या.

वऱ्हाडाची स्थिती याहून वेगळी आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंस अमरावती, अकोला व बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात भूजलच खारे आहे. उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि लहान नद्यांची पात्रे कोरडी पडतात. अमरावती शहर ऊर्ध्व वर्धा धरणाच्या, तर अकोला शहर काटेपूर्णा धरणाच्या पाण्यावर अवलंबून आहे.

अशा प्रदेशात पोहण्याची परंपरा होती ती विहिरीची. कमरेला कोरडा भोपळा बांधून वडील माणसांच्या देखरेखीखाली मुले पोहणे शिकत. परंतु ही परंपरा बहुतांशी मुलग्यांची होती. स्त्रीचा विहिरीशी संबंध पाणी शेंदण्यापुरता राही. पाण्यात उतरण्यास पोशाख, लोकलज्जा आणि सोबतीचा अभाव आड येई. त्यामुळे मुलींच्या दृष्टीने तरणतलाव ही चैनीची वस्तू नसून पोहणे शिकण्याची जवळजवळ एकमेव जागा ठरते.

२) स्पर्धेचे स्वरूप :
वैयक्तिक मिश्र शैलीत एकाच जलतरणपटूस चार शैली ठरलेल्या क्रमाने पोहाव्या लागतात : प्रथम फुलपाखरी, नंतर उताणी, त्यानंतर छातीवरची व शेवटी मुक्त शैली. २०० मीटर अंतरात प्रत्येक शैली ५० मीटर असते. एका शैलीतील प्रावीण्य येथे पुरत नाही.

एस-११ गटात काळी केलेली जलचष्मे घालणे सर्व स्पर्धकांस बंधनकारक असते. कारण एखाद्यास प्रकाशाचा किंचित भास होत असला तरी त्याचा लाभ मिळू नये. स्पर्धक आपल्या मार्गिकेची कल्पना दोरीच्या स्पर्शाने करतो. भिंत जवळ आली हे मात्र त्यास दिसत नाही. म्हणून तलावाच्या दोन्ही टोकांना एकेक सहायक उभा असतो व टोकाला मऊ गोळा बसविलेल्या काठीने स्पर्धकाच्या अंगास स्पर्श करून सूचना देतो. स्पर्श लवकर झाला तर वेग मंदावतो, उशिरा झाला तर भिंतीवर आदळण्याचा धोका असतो. ५० मीटरच्या तलावात २०० मीटर अंतरात तीन वळणे व एक समाप्ती, असे हे चार प्रसंग येतात. उताण्या शैलीतून छातीवरच्या शैलीकडे वळताना तर शरीराची दिशा व स्थिती दोन्ही बदलावी लागतात. दोघांच्या दीर्घ एकत्रित सरावाशिवाय हे साधत नाही.

यात आणखी दोन अडचणींची भर पडली. १९ सप्टेंबर २०१७ च्या भूकंपामुळे स्पर्धा डिसेंबरपर्यंत पुढे ढकलली गेली. काही देशांनी माघार घेतली, हे नमूद करणे अभ्यासाच्या दृष्टीने आवश्यक आहे. तथापि ज्यांनी तयारी टिकवून ठेवली तेच पदकास पात्र ठरले. शिवाय मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर असल्याने विरळ हवेत श्वासाचे नियोजन कठीण होते.

३) बर्लिनचा प्रसंग :
या यशाच्या पाच महिने आधी, जुलै २०१७ मध्ये, कांचनमाला पांडे बर्लिन येथील स्पर्धेत उतरल्या होत्या. मंजूर झालेला निधी वेळेवर न पोचल्याने परक्या शहरात त्यांची आर्थिक कोंडी झाली व उसनवारी करावी लागली. अशा अवस्थेतही त्यांनी रौप्यपदक मिळवून जागतिक स्पर्धेची पात्रता गाठली.

अमरावतीकरांस बर्लिन हे नाव अपरिचित नाही. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय व्यायाम व खेळांची प्रात्यक्षिके सादर केली होती. व्यायामसंस्कृतीचा एवढा वारसा असलेल्या शहरातील खेळाडूस ८१ वर्षांनी त्याच नगरीत खर्चाची चिंता वाहावी लागावी, ही बाब अंतर्मुख करणारी आहे.

४) पाण्याचा प्रश्न :
टंचाईग्रस्त भागात तरणतलाव असावेत काय, हा आक्षेप रास्त आहे. ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद व २ मीटर खोल तलावात २५ लाख लिटर पाणी मावते. जलजीवन मिशनच्या दरडोई ५५ लिटर या निकषाने हे सुमारे ४५ हजार ग्रामस्थांचे एका दिवसाचे पाणी होय. तथापि तलावातील पाणी रोज बदलले जात नाही. ते गाळून, शुद्ध करून पुनःपुन्हा वापरले जाते व मुख्यतः बाष्पीभवनाने होणारी घटच भरून काढावी लागते. म्हणजे नवे तलाव बांधण्यापेक्षा असलेल्या तलावांचा उपयोग मुलींना किती होतो, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे.

निष्कर्ष :
अंध जलतरणपटूस सहायकाची गरज असते हे नियमपुस्तक मान्य करते आणि त्याची सक्ती करते. वऱ्हाडातील डोळस मुलीसही पाण्यापर्यंत पोचण्यासाठी सोबतीची गरज असते. मात्र ती कोणत्याही नियमात लिहिलेली नाही. त्या दृष्टीने पुढील बाबी विचारार्ह ठरतात : महाविद्यालयांनी शहरातील तलावांवर विद्यार्थिनींसाठी स्वतंत्र वेळ मिळवावी, महिला प्रशिक्षक व जीवरक्षक नेमावेत, अंध विद्यार्थिनींकरिता सहायकांचे प्रशिक्षण शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात यावे, आणि खेळाडूचा प्रवासखर्च प्रस्थानापूर्वीच हाती पडावा. यांपैकी पहिल्या बाबीस एक पैसाही अधिक लागत नाही. कांचनमाला पांडे यांचे सुवर्णपदक वऱ्हाडास भूषणावह आहेच. परंतु ते व्यवस्थेचे फळ न राहता केवळ एका व्यक्तीच्या जिद्दीचा अपवाद ठरू नये, याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर आहे.