बायबलमधले दागिने काय सांगतात?

झाशीतल्या संत ज्यूड यांच्या तीर्थस्थानी २८ ऑक्टोबरच्या सणाला दूरदूरहून भाविक येतात. या संताच्या चित्रांत आणि मूर्तींत छातीकडे नीट पाहा. तिथे सहसा एक पदक असतं आणि त्यावर येशूचा चेहरा. दागिना इथे ओळख सांगतो: हा माणूस कोणाचा.

बायबलमध्ये हीच भाषा पानोपानी दिसते.

🔸 रिबका (उत्पत्ति २४): विहिरीवर तिने परक्या माणसाला आणि त्याच्या उंटांना पाणी पाजलं. तिला अर्धा शेकेल वजनाची सोन्याची नथ आणि दोन कांकणं मिळाली. पुढे इसहाकाशी तिचं लग्न झालं.

🔸 याजक अहरोनाचा ऊरपट (निर्गम २८): चार ओळींत बारा रत्नं, प्रत्येकावर इस्राएलच्या एका वंशाचं नाव. याजक देवासमोर जाताना सगळ्या समाजाला हृदयाशी धरून जायचा.

🔸 अंगठी (लूक १५): उधळ्या पुत्र परतला, तेव्हा बापाने त्याच्या बोटात अंगठी घातली. म्हणजे मुलगा म्हणून त्याचा मान परत मिळाला.

🔸 सोनं तेच, वाट वेगळी: कानातली वितळवून वासराची मूर्ती घडली (निर्गम ३२), आणि पुढे लोकांनी दागिने देऊन पवित्र निवासमंडपही उभारला (निर्गम ३५).

🔸 उतरवलेले दागिने (निर्गम ३३): वासराच्या पापानंतर लोकांनी दागिने उतरवले, शोक आणि पश्चात्ताप म्हणून. शोकातला असाच साधेपणा, वैधव्यातला, झाशीनेही पाहिला आहे. १८५४ मध्ये राणी लक्ष्मीबाईंना भेटलेल्या वकील जॉन लँगने लिहून ठेवलंय की साध्या पांढऱ्या वस्त्रातल्या राणीच्या अंगावर फक्त सोन्याची कर्णभूषणं होती.

म्हणून बायबल वाचताना दागिना आला की दोन प्रश्न जरूर विचारा: तो कोणी दिला, आणि कशासाठी?