रिकाम्या वेळेत जन्मणारी गोष्ट

दवाखान्यातील रांग, उशिराने धावणारी लोकल, सिग्नलपाशी अडकलेली रिक्षा, ऐन संध्याकाळी गेलेली वीज. शहरी आयुष्यात थांबण्याचे प्रसंग रोजचेच. मोठी माणसे हा वेळ कसाबसा ढकलतात. तीन-चार वर्षांच्या मुलाला मात्र ‘अजून दहा मिनिटे’ म्हणजे किती, हेच उमगत नाही. त्याची चुळबूळ सुरू होते, चुळबुळीचे पर्यवसान रडण्यात होते आणि अखेर पालकांच्या खिशातील मोबाइल त्याच्या हाती जातो. क्षणार्धात शांतता पसरते. परंतु त्या शांततेत दोघांमधील संवादही थांबतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. दोन ते चार वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोर बसण्याचा वेळ दिवसाला एका तासाहून अधिक नसावा, कमी असल्यास उत्तमच, असे त्यात म्हटले आहे. मुलांना बसून राहावे लागते तेव्हा त्यांच्यासोबत वाचन करावे, गोष्टी सांगाव्यात, अशीही शिफारस त्यात आहे. गोष्टीसाठी पुस्तक जवळ असलेच पाहिजे असे नाही. ती तिथल्या तिथे रचता येते, आणि मुलासह रचली तर अधिक रंगते.

दोन शब्दांची ठिणगी

‘पण आम्हाला गोष्टी सुचत नाहीत,’ ही पालकांची नेहमीची अडचण. इटलीचे बालसाहित्यिक जान्नी रोदारी यांनी तिच्यावर सोपी युक्ती सुचवली. १९७० मध्ये हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळालेल्या रोदारींनी १९७३ साली कल्पनाशक्तीच्या व्याकरणावर एक पुस्तक लिहिले. परस्परांशी संबंध नसलेले दोन शब्द शेजारी ठेवले की त्यांच्यातून गोष्टीची ठिणगी उडते, असे ते सांगतात. त्यांचे उदाहरण कुत्रा आणि कपाट यांचे आहे. मराठीत तर विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये हे काम आयतेच करतात: कुत्र्याचे कपाट, कपाटातला कुत्रा, कपाट घेऊन निघालेला कुत्रा. प्रत्येक जोडीत एक निराळी गोष्ट दडलेली आहे. एक शब्द मुलाने द्यावा, दुसरा पालकाने. मग ‘कपाटात कुत्रा का बरे लपला असेल?’ एवढे विचारून थांबावे. पुढचे मूल पाहून घेते.

रोदारींची दुसरी युक्ती म्हणजे ओळखीची गोष्ट मुद्दाम चुकवणे. लेकीकडून भोपळ्यात बसून परतणारी म्हातारी प्रत्येक मराठी घरात ठाऊक असते. ती फुग्यात बसून निघाली, असे म्हटले की तीन वर्षांचे मूल ताबडतोब हरकत घेते. चूक पकडण्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर दिसतो. पाच वर्षांचे मूल एक पाऊल पुढे जाते. फुगा असेल तर वाघ तो नखाने फोडेल, मग म्हातारीने काय करावे, याची काळजी ते वाहू लागते. गोष्ट तिथून त्याच्या ताब्यात जाते.

खेळातून घडणारी भाषा

वरवर पाहता हा केवळ वेळ घालवण्याचा खेळ आहे. परंतु गोष्ट पुढे नेताना मुलाला ‘मग’, ‘पण’, ‘म्हणून’, ‘तेवढ्यात’ हे शब्द वापरावेच लागतात. एका घटनेमागून दुसरी का घडली, हे सांगावे लागते. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्याला ठाऊक नसू शकते, ही समज साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी पक्की होऊ लागते. ‘कुत्रा कपाटात आहे हे आजीला माहीतच नाही!’ या वाक्यात तिचाच सराव आहे. पुढे शाळेत धडा वाचून समजून घेताना हेच कौशल्य उपयोगी पडते.

तात्पर्याचा मोह टाळावा

या खेळात पालकांकडून होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे गोष्टीच्या शेवटी उपदेश चिकटवणे. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिराचे गिजुभाई बधेका यांनी मुलांच्या आनंदाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले आणि गोष्ट हे त्याचे महत्त्वाचे साधन मानले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे बोर्डी-कोसबाड परिसरात बालशिक्षणाचे मोठे काम उभारले. ‘म्हणून भाजी खावी’ असा शेवट झाला, की आपल्याला फसवून धडा दिला हे मूल ओळखते.

मुलाचे उच्चार वा व्याकरण मध्येच सुधारू नये. चुकीचा शब्द आपल्या पुढच्या वाक्यात सहज बरोबर वापरला तरी पुरते. राक्षस अधिक भयंकर होऊ लागला आणि मूल बिलगले, तर राक्षसाला शिंक यावी किंवा त्याची आई त्याला जेवायला हाक मारत यावी. तीच गोष्ट दहाव्यांदा मागितली तर कंटाळा न करता सांगावी. पुढे काय होणार हे ठाऊक असणे लहानग्यांना सुरक्षित वाटते. मात्र भुकेल्या वा झोपाळलेल्या मुलाला आधी खाऊ आणि झोपच द्यावी.

अशा रिकामपणातून कधी साहित्यही जन्मते. ४ जुलै १८६२ रोजी ऑक्सफर्डजवळ नदीतून नावेने जाताना तीन बहिणींचे मन रमवण्यासाठी गणिताच्या एका अध्यापकाने गोष्ट रचली. त्यांतील अ‍ॅलिसने ती लिहून मागितली आणि १८६५ मध्ये लुईस कॅरॉल या टोपणनावाने ती जगापुढे आली. प्रत्येक गोष्टीचे पुस्तक व्हावे, अशी अपेक्षा अर्थातच नाही. दवाखान्यात नंबर लागला तेव्हा ‘थांबा, कुत्रा अजून कपाटातच आहे’ असे मूल म्हणाले, तरी त्या अर्ध्या तासाचे सार्थक झाले.