दूध नको, दही टांगा

संत्री, मोसंबी, लिंबू यांची साईसारखी दाट स्मूदी घरी करायची असेल तर दूध बाजूला ठेवावं आणि आदल्या दिवशी दही लावून ते फडक्यात टांगावं. मोबाइलवर दिसणाऱ्या बहुतेक कृती याच्या उलट सांगतात: दूध घ्या, रस घाला, केळं टाका, वर आइस्क्रीमचा गोळा सोडा, मिक्सर फिरवा. त्यातून पेय होतं, नाही असं नाही. पण ते एक तर दहा मिनिटांत चोथा-पाणी होऊन बसतं, नाहीतर संत्र्याऐवजी केळ्याची चव देतं. आंबट फळ आणि मलईपणा एकत्र नांदू शकत नाहीत असा समज या फसलेल्या प्रयत्नांमुळेच पसरला आहे, आणि तो चुकीचा आहे. दोन्ही नांदतात. मात्र दुधाचं जे आंबणं अटळ आहे ते मिक्सरमध्ये एका झटक्यात होण्याऐवजी आधी रात्रभर, सावकाश होऊन गेलेलं असलं पाहिजे.

हे आंबेगाव तालुक्यातल्या डिंभ्यासारख्या गावाच्या संदर्भात मांडायला कारण आहे. मंचर-घोडेगावहून भीमाशंकरला जाणारी वाट डिंभ्यावरून जाते आणि घोड नदीवरचं धरण इथंच आहे. जुनं आंबेगाव याच धरणाच्या पोटात गेलं; तालुक्याला नाव राहिलं, गाव राहिलं नाही. धरण कुकडी प्रकल्पातलं. त्याचा डावा कालवा येडगावच्या जलाशयाला पाणी पुरवतो आणि तिथून निघालेला कुकडीचा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जतपर्यंत जातो. श्रीगोंदा म्हणजे कागदी लिंबाचा तालुका. उजव्या कालव्याच्या पाण्यावर खाली ऊस आला, हिरवा चारा आला, संकरित गाई आल्या, आणि मंचरच्या बाजूला दुधाचा धंदा उभा राहिला. चीज करणारे कारखानेसुद्धा तिथं आहेत. म्हणजे या पेयाला लागणारं लिंबू आणि दूध ही दोन्ही डिंभ्याच्याच पाण्यावर वाढलेली असू शकतात. धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या आदिवासी गावांमध्ये भातखाचरं आणि हिरड्याची झाडं आहेत, आणि कालव्याचं पाणी त्यांच्याकडे चढून येत नाही, हा हिशेब वेगळा. तो इथं मिटणारा नाही. संत्री विदर्भाची आणि मोसंबी जालना-पैठणकडची, ती मंचरच्या बाजारातून येतात. घरातली खरी भांडवली वस्तू मात्र दूध. ते डेअरीला घालून उरलेलं, घरच्यापुरतं राखलेलं असतं, आणि ते नासवून कुणालाच परवडत नाही.

डेअरीवर दुधाचा भाव फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून उरलेल्या घन घटकांवर) ठरतो. गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५ हे आकडे शेतकऱ्याला पाठ असतात. या एसएनएफमध्येच केसीन हे प्रथिन बसलेलं असतं. दुधातल्या एकूण प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के तेच. ताज्या दुधाचा सामू (पीएच) ६.६ ते ६.७ असतो. आंबटपणा वाढत जाऊन तो ४.६ च्या जवळ आला की केसीनचे कण एकमेकांना दूर ढकलायचे थांबतात आणि चिकटू लागतात. लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५. तो दुधात पडला की जिथं पडला तिथं सामू एकदम कोसळतो, कण सैरावैरा चिकटतात, गुठळ्या होतात आणि पाणी सुटतं. दूध गरम असेल तर हेच आणखी लवकर होतं. पनीर त्यावरच बनतं. उकळत्या चहात गूळ टाकल्यावर तो फाटलेला ज्याने पाहिला आहे त्याला वेगळा प्रयोग करायची गरज नाही. विरजणाचे जिवाणूसुद्धा दुधाला त्याच ४.६ च्या खाली नेतात, पण त्यांना सहा-आठ तास लागतात. तेवढ्या वेळात केसीनची बारीक विणीची जाळी तयार होते आणि पाणी त्या जाळीत अडकून राहतं. शेवटचा मुक्काम एकच. एकीकडे चोथा होतो, दुसरीकडे कवडीचं दही. एकदा दही झालं की संत्र्याचा रस त्याचं फार काही बिघडवू शकत नाही, कारण रस जिथं न्यायला निघाला आहे तिथं ते आधीच जाऊन बसलेलं असतं.

यावर पहिला आक्षेप असा येतो की थंडगार दुधात गोड संत्र्याचा रस घातला तर ते लगेच फाटत नाही, आणि शहरातल्या दुकानांत संत्र्याचं मिल्कशेक सर्रास मिळतं. आक्षेप खरा आहे. संत्र्याचा रस लिंबाच्या मानाने बराच सौम्य, मोसंबीचा त्याहून सौम्य, आणि थंडीत केसीन सुस्त असतं. पाच मिनिटांत पेला रिकामा होणार असेल तर दूधही चालून जाईल. पण घरात पेला पाच मिनिटांत रिकामा होत नाही. कुणी शेतातून यायचं असतं, कुणी शाळेतून. कारखान्यात बनणाऱ्या आंबट दुधाच्या पेयांत पेक्टिनसारखे पदार्थ घालून कण अलग ठेवलेले असतात. ती सोय आपल्या ओट्यावर नाही. अमेरिकेत १९२६ साली लॉस एंजेलिसमध्ये ज्युलियस फ्रीड याच्या संत्र्याच्या रसाच्या दुकानातून असंच एक फेसाळ पेय निघालं आणि पुढं देशभर पसरलं. त्यातही नुसतं दूध आणि रस पुरला नाही. अंड्याच्या पांढऱ्या बलकाची पूड, व्हॅनिला आणि बर्फ यांची मदत घ्यावी लागली. आपल्याकडे एवढा खटाटोप करायचं कारण नाही, कारण श्रीखंड करणाऱ्या घराला चक्का ठाऊक आहे.

मात्र श्रीखंडाइतका कोरडा चक्का इथं नको. दूध चांगलं खळखळून उकळावं, दोन-तीन उकळ्या येऊ द्याव्यात. त्याने दुधातली दुसरी प्रथिनंही केसीनला जाऊन बिलगतात आणि दही घट्ट लागतं. कोमट झाल्यावर विरजण लावावं. म्हशीचं दूध मिळालं तर उत्तमच. गाईचं असेल तर दही थोडं जास्त वेळ टांगावं लागतं, एवढाच फरक. धुऊन पिळलेल्या मलमलच्या फडक्यात दही ओतून गाठ मारली की सुरुवातीला पाण्याची धार लागते, मग थेंब, मग थेंबाथेंबातलं अंतर वाढत जातं. थेंब पडायचे थांबले म्हणजे श्रीखंडाचा चक्का झाला. स्मूदीसाठी त्याच्या बऱ्याच आधी, दीड-दोन तासांत, फडकं उतरवावं. बोटाने दाबलं तर खळगा पडावा आणि हळूहळू भरून यावा. दही आंबट होऊ द्यायचं नाही ही अट इथं दुप्पट कडक, कारण पुढं फळाचा आंबटपणा यायचाच आहे. उन्हाळ्यात रात्रभर बाहेर राहिलेलं दही सकाळी कढीला द्यावं, यात ओढू नये.

आता फळ. इथं लोक सर्वांत जास्त घाई करतात आणि मग पेय कडू का झालं याचा दोष फळाला देतात. मोसंबीचा रस काढून ठेवला की तासाभरात कडवट होतो हे रसवंतीवाल्यालाही माहीत असतं. म्हणून तो समोर काढून देतो. कडूपणा रसात आधीपासून नसतो. फोडीच्या पापुद्र्यात आणि सालीखालच्या पांढऱ्या गरात एक बेचव द्रव्य असतं. फळ चिरडलं की ते आंबट रसात मिसळतं आणि त्याचं लिमोनिन बनतं. लिमोनिन जिभेला फार थोडंसुद्धा कळतं. बियांमध्ये तर ते तयारच असतं, म्हणून मिक्सरमध्ये भरडलेली एक बी अख्खं भांडं बिघडवू शकते. उपाय हाताचा आहे. मोसंबी दोन्ही टोकांना कापून उभी ठेवावी आणि सुरीने वरून खाली साल उतरवताना पांढरं अस्तर सालीबरोबरच जाऊ द्यावं. थोडा गर वाया गेला तरी चालेल. मग फोडींच्या मधल्या पडद्यांना खेटून सुरी घालावी म्हणजे नुसता गर सुटून येतो. संत्र्याचं साल हाताने निघतं, पण पापुद्रा चिवट असतो. फोडीची पाठ नखाने उसवून गर बाहेर काढावा, बी तिथंच दिसते. चार संत्र्यांना एका माणसाचा पाऊण तास सहज जातो. हा वेळ वाचवण्यासाठी अख्ख्या फोडी मिक्सरमध्ये टाकून नंतर गाळणाऱ्याने मग सरळ रस प्यावा, कारण गाळण्यात गरच जातो आणि गर गेल्यावर दाटपणा फक्त चक्क्याच्या जिवावर उरतो.

मिक्सरचं काम थोडं आहे, आणि ते थोडंच ठेवणं अवघड जातं. सोललेला गर डब्यात घालून बर्फाच्या कप्प्यात कडक करून घ्यावा. वेगळा बर्फ घातला की पाणी वाढतं. गोठलेला गर गारवा देतो आणि स्वतः पातळ करत नाही. तो साखरेबरोबर आधी एकटा फिरवावा, थांबत थांबत, पातं अडलं तर भांडं हलवून. त्याचा रवाळ लगदा झाला की चक्का घालावा आणि मग मोजके पाच-सात सेकंद. जास्त फिरवल्याने मऊपणा येतो ही समजूत इथं उलटते. विरजणाने रात्रभर विणलेली जाळी पात्याने तुटते, आणि एकदा तुटली की दाट दही ताकाच्या वाटेला लागतं. वर साय घातली असेल तर आणखी एक फजिती होते: गार साय पात्याखाली जास्त वेळ राहिली की तिचं लोणी निघतं आणि पेयावर पिवळट कण तरंगू लागतात. चक्का एकजीव करायला आपल्याकडे तो पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून काढतात. तसा काढून घेतलेला चक्का मिक्सरमध्ये न घालता लगद्यात डावाने कालवला तर पेय सर्वांत दाट राहतं. लगदा झाल्यावर डिंभ्यात वीज गेली तरी अडत नाही, हा त्यातला फायदा.

दुसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही: दूध आणि आंबट फळ हा विरुद्ध आहार. चरकसंहितेत दुधाबरोबर वर्ज्य फळांची यादी आहे, त्यात महाळुंगासारखं लिंबाच्या कुळातलं फळ नावानिशी आहे. ही यादी दुधाची आहे. दूध बाजूला ठेवा असं मीही म्हणतो आहे, तेव्हा इथपर्यंत भांडण नाही. पण दह्यालाही आयुर्वेदात मोकळं रान नाही. रात्री दही नको, आणि शरद, वसंत, ग्रीष्म या ऋतूंत ते शक्यतो नको, असं चरक सांगतो. केळं ताकाशी किंवा दह्याशी खाऊ नये असं वाग्भट सांगतो. शिकरण खाऊन वाढलेल्या मराठी माणसाने शास्त्राच्या याद्या किती पाळल्या हा प्रश्न आहेच. तरी ज्याला पाळायच्या आहेत त्याची या पेयाने अडचण होत नाही: केळं यात नाहीच, वेळ दुपारची ठेवता येते, आणि नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार बाजारात भरात असतो तो हेमंतात, दही चालतं तेव्हा. अडचण होते ती मे महिन्यात गारेगार काहीतरी मागणाऱ्याची. तेव्हा चांगलं संत्रं नसतं, लिंबू महाग आणि सुकं असतं, आणि माझ्या मते तेव्हा कैरीचं पन्हंच करावं.

केळ्याबद्दल मात्र शास्त्राची साक्ष न काढताही बोलता येतं. ते घातलं की दाटपणा फुकट मिळतो, म्हणून सगळ्या कृतींत ते असतं. पण केळ्याचा वास संत्र्याच्या वासावर बसतो आणि उठत नाही. संत्र्याचा वास जपायचा तर सालीवरच्या केशरी थरातलं तेल कामाला येतं. किसणीवर साल अलगद घासून चिमूटभर कीस घ्यावा, पांढरं अस्तर लागायच्या आत थांबावं. चकचकीत दिसावीत म्हणून मेण चढवलेली फळं असतील तर हा मोह टाळावा आणि त्याऐवजी घरच्या बांधावरच्या लिंबाची साल घ्यावी. वेलची-जायफळ श्रीखंडाला शोभतं, इथं नाही. मिठाची कणी हवी.

तिसरा आक्षेप असा की ही तर लस्सीच झाली. नाव काय द्यायचं ते ज्याने त्याने ठरवावं, पण काम निराळं आहे. लस्सीत दही घुसळून मोकळं करतात आणि फळ आलंच तर वासापुरतं येतं. इथं दह्याची जाळी राखायची असते आणि फळाचा गर पेल्याच्या निम्म्याहून अधिक असतो, म्हणून चमचाही लागतो. चौघांसाठी चार मोठी संत्री किंवा तीन मोसंब्या, पाव किलो अर्धवट निथळलेला चक्का, फळाच्या गोडीप्रमाणे तीन-चार चमचे साखर, आणि मोसंबी फार सपक असेल तर अर्ध्या लिंबाचा रस. हे केल्याबरोबर संपवायचं. सोलताना कितीही जपलं तरी पापुद्रा थोडा राहतोच, आणि फ्रिजमध्ये ठेवलेलं पेय संध्याकाळपर्यंत कडवट होतं. उरणार असं वाटलं तर गोठलेला गर आणि चक्का वेगवेगळे ठेवून लागेल तसे एकत्र करावेत. फडक्याखालच्या पातेल्यात जमलेलं पाणी टाकू नये. त्यात मीठ आणि जिऱ्याची पूड घालून ते पिता येतं, नाहीतर संध्याकाळच्या भाकरीचं पीठ त्यात मळावं.