वाढत्या अंगाचे हेल्मेट नको!

रायपूरमधील तात्यापारा ही मराठी माणसांची जुनी वस्ती. छत्तीसगडीत ‘पारा’ म्हणजे मोहल्ला. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या मुलखाशी मराठीचे जे नाते जडले, त्याची खूण अशा वस्त्यांतून आजही दिसते. भाषेबरोबर घरातील रीतीभातीही टिकतात. मुलांचे कपडे ‘वाढत्या अंगाचे’ घेणे ही त्यांतलीच एक रीत. गणवेशाच्या बाह्या दुमडायच्या, विजारीची शिलाई आत घ्यायची आणि एका खरेदीत दोन वर्षे काढायची. पै-पैची बचत करणाऱ्या संसाराला ही काटकसर शोभून दिसते. परंतु एक खरेदी अशी आहे, की तेथे ही रीत अंगाशी येऊ शकते. ती म्हणजे क्रिकेटच्या संरक्षक साधनांची.

रायपुरात क्रिकेटचे वेड नवे नाही. माधवराव सप्रे यांच्या नावाच्या शाळेच्या मैदानावर मुलांच्या कित्येक पिढ्या खेळल्या. नवा रायपूर परिसरातील शहीद वीर नारायण सिंह स्टेडियमवर २१ जानेवारी २०२३ रोजी भारत आणि न्यूझीलंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला आणि या वेडाला आणखी बळ मिळाले. गल्लीत रबरी किंवा टेनिसच्या चेंडूने खेळणारा मुलगा एक दिवस शिबिरात नाव घालतो आणि त्याच्यापुढे सीझनचा चेंडू येतो. मोठ्यांच्या खेळातील हा चेंडू सुमारे १५६ ते १६३ ग्रॅम वजनाचा आणि दगडासारखा टणक असतो. पालकांच्या हाती साधनांची यादी पडते, ती नेमकी याच वेळी.

इतिहासाने दिलेली शिकवण

मार्च १९६२ मध्ये वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर बार्बाडोसविरुद्ध खेळताना भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू आदळला. कवटीला तडा गेला. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त देण्यासाठी प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल पुढे आले. चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर या सहकाऱ्यांनीही रक्त दिले. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी सामना खेळू शकले नाहीत. त्या काळी फलंदाज हेल्मेट वापरतच नसत. ते रुळले १९७०च्या दशकाच्या अखेरीस. सुनील गावसकर यांनी पूर्ण हेल्मेट कधीच घातले नाही. मात्र कारकिर्दीच्या उत्तरार्धात टोपीखाली फायबरग्लासची कवटीवजा टोपी वापरण्याची सावधगिरी त्यांनीही बाळगली. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात रमण लांबा फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेटविना क्षेत्ररक्षण करीत होते. चेंडू डोक्याला लागला आणि तीन दिवसांनी त्यांचे निधन झाले.

येथवरचा बोध सरळ आहे : हेल्मेट घालावे. परंतु २०१४ या एकाच वर्षाने त्यापुढचा धडा दिला. जुलैमध्ये इंग्लंडच्या क्रेग कीस्वेटर यांच्या हेल्मेटची पुढची कड आणि चेहऱ्यावरची जाळी यांच्यामधल्या फटीतून चेंडू आत शिरला. नाक आणि डोळ्याची खोबण मोडली. पुढच्या वर्षी त्यांना निवृत्ती घ्यावी लागली. ऑगस्टमध्ये मँचेस्टर कसोटीत वरुण आरोन यांचा चेंडू असाच आत घुसून स्टुअर्ट ब्रॉड यांचे नाक फ्रॅक्चर झाले. नोव्हेंबरमध्ये सिडनीत फिलिप ह्यूज यांच्या मानेवर, हेल्मेट जेथे संपते त्याच्या खाली, चेंडू बसला आणि अवघ्या पंचविसाव्या वर्षी ते गेले. या तिघांच्याही डोक्यावर हेल्मेट होते. हेल्मेट असणे आणि त्याने पुरते झाकलेले असणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

मापाचे महत्त्व

हेल्मेट घेण्यापूर्वी शिंप्याच्या टेपने भुवयांच्या किंचित वरून, डोक्याच्या मागच्या फुगीर भागापर्यंत घेर मोजावा आणि उत्पादकाच्या तक्त्याशी ताडून पाहावा. हेल्मेट सर्व बाजूंनी सारखे टेकले पाहिजे. हनुवटीखालचा पट्टा बांधून मुलाला मान जोरात हलवायला सांगावी. हेल्मेट डोळ्यांवर घसरले किंवा मागे कलले, तर ते मोठे आहे. आत कापड कोंबून ढिलेपणा झाकू नये. चष्मा असल्यास तो लावूनच माप पाहावे.

त्यानंतर फट तपासावी. जाळी वर-खाली करता येत असेल, तर ती अशी बसवावी, की नजर मोकळी राहील पण चेंडू आत जाणार नाही. ब्रिटिश मानक बीएस ७९२८ च्या २०१३ च्या आवृत्तीत नेमकी हीच चाचणी आहे. मोठ्यांच्या आणि मुलांच्या चेंडूंसाठी ती वेगवेगळी घेतली जाते. यातच मोठ्या भावाचे हेल्मेट धाकट्याला न देण्याचे कारण दडले आहे. तेरा वर्षांखालील मुलांचा चेंडू आकाराने लहान असतो. मोठ्या चेंडूला अडवणारी फट त्याला वाट देऊ शकते. म्हणून हेल्मेट कोणत्या चेंडूसाठी तपासलेले आहे, हे आतल्या चिठ्ठीवर वाचूनच घ्यावे. ह्यूज यांच्या मृत्यूनंतर प्रचारात आलेला मानेचा गार्डही त्याच हेल्मेटच्या उत्पादकाने सांगितलेलाच जोडावा.

पॅडच्या बाबतीत गुडघा हीच खूण. पॅडवर गुडघ्यासाठी केलेल्या उंचवट्याच्या मध्यावर गुडघा बसला पाहिजे. मोठे पॅड मांडीवर आदळतात आणि धाव घेताना मुलगा अडखळतो; छोटे पॅड गुडघा उघडा टाकतात. ग्लोव्हजमध्ये बोटांची टोके शेवटपर्यंत ताणलेली नसावीत, पण बोटांपुढे मोकळी पिशवीही लोंबू नये. नाही तर बॅट हातात फिरते. डावखुऱ्या फलंदाजाला डावखुऱ्यासाठी बनवलेलेच ग्लोव्हज लागतात, कारण अंगठ्याचे जादा संरक्षण बॅटवरील खालच्या हाताला असते. मैदानावर ज्याला ‘एल गार्ड’ म्हणतात, तो घट्ट बसणाऱ्या सपोर्टरमध्येच घालावा. जागेवरून सरकलेला गार्ड असून नसल्यासारखा. मुलींसाठी तो वेगळ्या घडणीचा मिळतो.

यष्टिरक्षकाचा विसर पडू नये. सन २००० मध्ये ढाक्यात अनिल कुंबळे यांच्या गोलंदाजीवर यष्टिरक्षण करताना सबा करीम यांच्या डोळ्याला दुखापत झाली. जून २०२३ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत वेगवान गोलंदाजी खेळणारे फलंदाज, यष्ट्यांजवळ उभे राहणारे यष्टिरक्षक आणि फलंदाजासमोर जवळ उभे राहणारे क्षेत्ररक्षक यांना हेल्मेट सक्तीचे आहे. शिबिरांनीही हाच नियम पाळणे हिताचे.

खर्चाचा क्रम

सर्व साधने एकदम घेणे प्रत्येक कुटुंबाला परवडतेच असे नाही. अनेक ठिकाणी संघाची एकच बॅग सर्वांत फिरते. अशा वेळी क्रम ठरवावा. हेल्मेट आणि एल गार्ड ही दोन साधने मुलाची स्वतःची असावीत, त्यानंतर ग्लोव्हज. पॅड मापाचे मिळाले, तर काही काळ संघाचे चालतील. महागड्या बॅटसाठी साठवलेली रक्कम आधी हेल्मेटकडे वळवावी. जुने हेल्मेट घेण्याचा मोह टाळावा, कारण एकदा जोराचा आघात सोसलेल्या हेल्मेटचा दोष बाहेरून दिसेलच असे नाही. असा आघात झाल्यावर ते बदलणेच योग्य. चेंडू डोक्याला लागल्यानंतर चक्कर, उलटी, अंधुक दिसणे किंवा गोंधळल्यासारखे वागणे आढळल्यास खेळ तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे जावे.

रायपूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे जातो. घामाने बेजार झालेला मुलगा पट्टा सैल करतो आणि मापाने घेतलेले हेल्मेटही ढिले पडते. म्हणून हवा खेळती ठेवणारे, आतले अस्तर काढून धुता येईल असे हेल्मेट निवडावे आणि ते बंद मोटारीत किंवा कडक उन्हात ठेवू नये.

पुष्कळ घरांत दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या खुणा असतात. हंगामाच्या आरंभी त्या खुणेशेजारी डोक्याचा घेर आणि तारीखही लिहावी. अंक बदलला, की साधने पुन्हा तपासावीत. गणवेश वाढत्या अंगाचा जरूर असावा. हेल्मेट मात्र आजच्या मापाचेच हवे, कारण चेंडू मुलाच्या वाढीसाठी थांबत नाही.